टाकून दिलेलं नाव

तुळजापूरला विष्णुपंतांच्या ओट्यावर सकाळी सात वाजता एक बाई येऊन बसली आणि म्हणाली की, माझ्या लेकाला फाशी द्यायला निघालेत, तेवढं थांबवा.

विष्णुपंत दात घासत होते. तोंडात राखुंडी असल्यामुळं त्यांना ताबडतोब नकार देता आला नाही. पुढचं सगळं त्या राखुंडीमुळं घडलं.

विष्णुपंत म्हणजे फौजदारी कचेरीतले निवृत्त पेशकार. निजामाच्या अमदानीत तेवीस वर्षं त्यांनी लोकांचे गुन्हे सुवाच्य उर्दूत लिहून काढले होते. मग राज्य गेलं, उर्दू गेली, आणि त्यांना पेन्शनीत काढून कचेरीनं मोकळा श्वास घेतला. उरली ती एक खोड. समोरचा बोलायला लागला की त्याची जबानी मनातल्या मनात उतरवायची आणि खाडाखोड कुठं झालीय ते बघायचं.

बाईचं नाव कडूबाई. राहणार हिंगणवाडी, नळदुर्गच्या पुढं दोन कोस, बोरी नदीच्या काठी. रात्रभर चालत आली होती. पायातली एक वहाण वाटेतच राहिली होती, ते तिच्या ध्यानात नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं. तीन दिवसांमागं, भर दुपारी, गडी भाकरी खायला गेले असताना गावच्या गुऱ्हाळावर रेवणप्पा गुळव्या डोकं फुटून पडलेला सापडला. रस ढवळायचं लांब लाकूड शेजारीच होतं. रेवणप्पा आळंदकडचा लिंगायत. विलीनीकरणानंतर, पन्नास साली, गावात गूळ करायला म्हणून आला आणि राहिला. त्या दुपारी भट्टीवर दुसरा एकच माणूस होता. बब्रुवान. भट्टीत चिपाडं सारायच्या कामावर आठच दिवसांपूर्वी लागलेला. त्यानं जमादाराला सांगितलं की, मी पाणी आणायला गेलो होतो, आलो तर रेवणप्पा शेवटच्या घटका मोजत होता, आणि आपल्याला कुणी मारलं त्याचं नाव घेऊन त्यानं डोळे मिटले.

"कुणाचं नाव घेतलं?" पंतांनी विचारलं.

कडूबाईनं पदराचा बोळा तोंडावर धरला.

"अहो, नाव सांगा."

"न्हाय सांगायची."

"तुमच्या लेकाचंच ना?"

"लेकाचं नाव सिद्धेश्वर. त्यो म्हणाला ते येगळं."

"मग ते वेगळं काय ते सांगा."

"पंत, ते माझ्या तोंडातून गेलं, तर फाशीची गरज उरायची न्हाय."

पंतांनी चूळ भरली. बायकोनं आतून दोन कप चहा पाठवला होता. म्हणजे घरातला निकाल लागलेला होता. त्यांनी कोट चढवला.

यष्टीत कडूबाई पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू गाडी तीच ओढत होती. अणदूर मागं पडल्यावर पंतांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं नाव कडू कुणी ठेवलं?"

"आईनं. माझ्या आधी दोन गेल्या. कडू म्हणलं की मरण थू करून टाकतं."

"आणि तुमची किती गेली?"

तिनं दांडीवरची तीन बोटं उचलली आणि पुन्हा घट्ट दाबली.

नळदुर्गच्या चौकीत राघवेंद्र जमादार होता. एके काळी पंतांच्या हाताखाली शाईच्या दौती भरायचा. आता मिशी भरघोस झाली होती आणि दौत दुसरा भरत होता. त्यानं पंतांना खुर्ची दिली, पान दिलं, आणि आपण गुन्हा कसा उघडकीस आणला ते न विचारता सांगितलं.

मरणाऱ्याचे शब्द होते, 'खोकडानं मारलं.'

खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊबंद. माळावर राहतो, उंदीर-किरवी खातो, माणूस दिसला की पळतो. त्यानं चार हात लांबीचं लाकूड उचललं असेल, हे जमादाराला पटेना. तेव्हा हे टोपणनाव. पण कुणाचं? जमादाराला आधी दरोडेखोरांची टोळी वाटली. शाळेतल्या मास्तरांनी मत दिलं की, नाव खोकल्यावरून आलं असावं, लहानपणी डांग्या खोकला झालेला माणूस शोधा. न्हावी म्हणाला, लबाड माणसाला तसं म्हणतात. त्या हिशेबानं अर्धी तहसील आत घालावी लागली असती.

"मग मी घरोघर गेलो, पेशकारसाहेब. चाळीस घरं. खोकड कोण? माहीत न्हाय. खोकड कोण? माहीत न्हाय. सगळ्यांचं तोंड एकसारखं. एकेचाळिसाव्या घरी गेलो, नाव घेतलं, अन् बाई मटकन खाली बसली." त्यानं दाराबाहेर उकिडवं बसलेल्या कडूबाईकडं मिशीनं खूण केली. "तिचाच ल्योक. मग कोतवालाला दम दिला, त्यानं मान हलवली. लहानपणी त्याचं नाव तेच होतं. वर त्याच सकाळी रेवणप्पाशी ऊस घालायच्या पाळीवरून त्याचं भांडण झालेलं. दहा माणसांनी बघितलंय."

बाहेर कडूबाईनं हे सगळं ऐकलं. आपल्या भिण्यानंच पोरगा पकडून दिला, हे तिला त्या दिवसापासून माहीत होतं. पण कुणी ते असं अभिमानानं सांगताना ती प्रथमच ऐकत होती.

जमादाराचा पुढचा बेत सरळ होता. आज दिवस मावळला की सिद्धेश्वरकडून कबुली वदवायची, उद्या त्याला उस्मानाबादला धाडायचं. वदवायची कशी, ते त्यानं सांगितलं नाही. कोपऱ्यात ओला दोर होता.

"दिवस मावळेपर्यंत तर थांबशील?" पंत म्हणाले.

"तुमचा मान म्हणून. गावच्या चावडीवर येतो. पण दिवा लागला की मी कुणाचं ऐकणार न्हाय."

सिद्धेश्वर अठ्ठावीस-तिसाचा, आडव्या हाडाचा. उजव्या नाकपुडीवर बुजलेल्या भोकाची खूण होती. पंतांनी विचारलं त्याला त्यानं तुटक उत्तरं दिली. व्हय, भांडलो. रेवणप्पा म्हणाला, तमा, उद्या ये. मी म्हणालो, उद्या ऊस वाळल. दोघा गड्यांनी सोडवलं. घरी गेलो, जेवलो. बघायला आईच होती. जुन्या नावाचं विचारल्यावर तो गजांपासून मागं सरला.

"माझ्यावर काय घालायचं ते घाला. पर आईला ते नाव घ्याया लावू नका. ती मरल."

हिंगणवाडीत पोचायला दुपार झाली. गुऱ्हाळ बंद होतं. काहिलीत तीन दिवसांचा अर्धवट रस आंबून त्यावर माशांनी आपलं राज्य स्थापन केलं होतं. झाडाखाली एक माणूस बसला होता. रेवणप्पाचा धाकटा भाऊ बसवराज, आळंदहून आलेला. भावाचं सामान त्याच्या मांडीवर होतं: एक धोतर, एक घोंगडी, आणि पांढऱ्या फडक्याची मळलेली पुरचुंडी.

पंतांनी पुरचुंडीबद्दल विचारलं. बसवराज म्हणाला की, ते अण्णाचं लिंग. बाकीचे चांदीच्या डबीत गळ्यात बांधतात, अण्णा फडक्यात बांधायचा. बापाची डबी त्याच्याकडं यायची होती. अठ्ठेचाळीसच्या गडबडीत घर लुटलं, देव्हारासुद्धा सोडला नाही, त्यात ती गेली. त्या दिवशी घरातली म्हातारी आई पण गेली. अण्णानं शपथ घेतली होती. घालीन तर तीच, नाहीतर फडकं.

"लुटणारे कोण होते?"

"कोण म्हणून सांगावं? सगळ्या जातीचे होते. ज्याला पोतं मिळालं त्यो आला."

"तुमचे अण्णा गावातल्या लोकांना काय नावानं हाक मारायचे?"

बसवराज पहिल्यांदा जरासा हसला. "अण्णा? सगळ्यांना तमा, म्हणजे धाकटा भाऊ. पाटलाला तमा, गाढववाल्याला तमा. त्याला नावं ध्यानात राहायची न्हाईत. माझंसुद्धा."

बब्रुवान भट्टीच्या पलीकडं सावलीत पडला होता. पन्नाशीला न टेकलेला, पण गिरणीतल्या कापसानं छाती पोकळ झालेला. पंतांना बघून उठून बसला, अदबीनं जागा झाडून दिली, आणि तंबाखू पुढं केली. डबी चांदीची होती. कोंबडीच्या अंड्याएवढी, अंड्याच्याच आकाराची, दोन्ही टोकांना बारीक कड्या. पंत तंबाखू खात नसत. तरी त्यांनी चिमूट घेतली.

"या गावचेच का तुम्ही?"

"व्हय की. पण पोटापायी सोलापूरला. लढाईच्या ऐन मध्यात गेलो, त्रेचाळीस साली. गिरणीत होतो."

"मधे कधी आलात?"

"न्हाय. आई-बाप न्हाय, घर न्हाय. यायचं कुणाकडं? आता गिरणीनं काढलं म्हणून आलो."

"रेवणप्पा नेमकं काय म्हणाला?"

"खोकडानं मारलं. एवढंच. दोनदा म्हणाला."

"आणि तुम्ही जमादाराला सांगितलंत."

"ऐकलं ते सांगितलं. आपल्याला काय खोटं बोलून मिळायचं?"

पंतांनी मान डोलावली. उठता उठता सुस्कारा टाकून म्हणाले, "कठीण आहे. सिद्धेश्वरची दोन लेकरं लहान आहेत म्हणतात."

बब्रुवाननं कपाळाला आठी घातली. "सिद्धेश्वर कोण?" मग क्षणभरानं, "हां हां. खोकड म्हणा की."

पंतांनी चिमूट रुमालाच्या टोकात बांधली आणि ते गावाकडं चालायला लागले.

ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी कोतवालाला विचारलं, वाण्याला विचारलं, देवळात विचारलं. एका साध्या प्रश्नाला गाव उत्तर देत नव्हतं: त्या नावाचा जन्म कसा झाला, आणि ते मेलं कधी? नाव उच्चारलं की माणसं अशी बघत, जणू पंतांनी पेटती चूड गंजीजवळ नेलीय. कडूबाई दहा पावलं मागून येत होती. दर थोड्या वेळानं मान वर करून सूर्य कुठवर आला ते बघत होती.

शेवटी तीच पुढं झाली आणि एका घरापाशी थांबली.

"हिला इचारा," म्हणाली. "मला ऐकाया लावू नका." आणि गल्लीच्या टोकाला जाऊन कानावर हात ठेवून बसली.

घर धुरपदाबाईचं होतं. सत्तरीची म्हातारी, नऊ बाळंतपणं, नऊही जिवंत. म्हातारीनं आधी पंतांना पाणी दिलं, मग दार लोटलं, आणि मग सांगितलं.

कडूबाईची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली. चौथा झाला तेव्हा पाचवीच्या आधी त्याला सुपात घातला, उकिरड्यावरून ओढत या दारात आणला आणि विकला. धुरपदाबाईनं पसाभर कोंडा देऊन विकत घेतला. नाक टोचलं. नाव आईनंच आधी ठरवून आणलं होतं. का ठरवलं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि इकडून कुणी विचारलं नाही. पोरगा वाढला कडूबाईच्याच घरी, पण दुसऱ्याचा म्हणून. मरण दाराशी आलं तरी त्याला काय सांगायचं? हा इथला न्हाय, अन् हे तर जनावर.

"मग सिद्धेश्वर कधी झाला?"

"लगनात. पोराच्या वजनाचा गूळ देऊन तिनं त्येला माझ्याकडनं परत घेतला. ते नाव मग माझ्या उकिरड्यात पुरलं. वर राख टाकली. साऱ्या गावानं बघितलं. एकदा पुरलं की घ्यायचं न्हाय. घेतलं की मरणाला वाट सापडती. तवापासनं कुणीबी घेतलं न्हाय, चुकून पोरासोरांनी बी न्हाय. त्यांना ठावंच न्हाय."

"लग्न कुठल्या साली?"

"साल कुठलं सांगू? लढाई थांबली ना, साखर मिळंना, म्हणून तर गूळ वाटला. त्या साली."

पंचेचाळीस. पंतांनी ते मनातल्या कागदावर लिहिलं. त्याच्या वर पन्नास लिहिलं. आणि बाजूला त्रेचाळीस. मग तिन्ही आकड्यांकडं बघत ते तसेच बसले, आणि इतका वेळ जो कागद कोरा होता त्यावर अक्षरं उमटायला लागली.

चावडीवर जमादार आला तेव्हा सूर्य नदीपलीकडच्या बाभळीत टेकला होता. सिद्धेश्वरच्या हाताला दोर होता. गाव जमलं होतं. बसवराजला पंतांनी मुद्दाम पुढं बसवलं, आणि बब्रुवानला साक्षीदार म्हणून त्याच्या शेजारी. कोतवाल कंदिलाची काच पुसायला लागला. कडूबाईची नजर त्या काचेवरून हलेना.

"जमादार," पंत म्हणाले, "तू शोध बरोबर लावलास. नाव याचंच. फक्त ते मेलेल्या माणसानं घेतलं नाही."

"म्हणजे?"

"रेवणप्पा या गावात आला पन्नास साली. हे नाव पुरलं पंचेचाळीस साली. त्याच्या आधी पाच वर्षं. तेव्हापासून गावात ते कुणी उच्चारत नाही. तू चाळीस घरं फिरलास, तुला एकानं तरी सांगितलं? तू पोलीस, हातात दोर, तरी सांगितलं नाही. मग गूळ ढवळणाऱ्या परक्याला कोण सांगणार? आणि हा परका तरी कसा, तर सख्ख्या भावाचं नाव ज्याच्या ध्यानात राहत नाही. गावाला तमा, पाटलाला तमा. सकाळी भांडणातसुद्धा यालाही तमाच म्हणाला. असा माणूस डोकं फुटल्यावर एकाएकी नाव आठवतो, आणि तेही बारा वर्षांमागं पुरलेलं?"

जमादाराची मिशी थोडी उतरली. "मग घेतलं कुणी?"

"ज्याला ते पुरल्याचं माहीत नाही त्यानं. गाव नाव घेत नाही, कारण गावाला ठाऊक आहे. परका घेत नाही, कारण त्याला मूळ नावच ठाऊक नाही. घेणार तो या दोन्हींच्या मधला. नाव चालू असताना इथं होता, आणि पुरलं तेव्हा नव्हता. त्रेचाळीस साली गेला आणि आठ दिवसांमागं आला." पंतांनी मान वळवली नाही. "बब्रुवान, भांडणात याला तुम्ही ओळखलंत कशावरून? नाकपुडीवरच्या भोकावरून?"

बब्रुवान म्हणाला की, पेशकारसाहेबांनी उगाच गरिबाला गोवू नये. त्यानं ऐकलं ते सांगितलं.

"तुम्हाला वाटलं, खोकड म्हटलं की गाव बोट दाखवील. तुम्ही नामानिराळे. पण गाव मुकं झालं, आणि का झालं ते तुम्हाला आजतागायत कळलं नाही. दुपारी मी सिद्धेश्वर म्हणालो, तर तुम्ही विचारलंत, कोण सिद्धेश्वर? आठ दिवस या गावात राहून, त्याला डोळ्यांदेखत धरून नेल्यावरसुद्धा, तुमच्या डोक्यात तो खोकडच."

"नाव लागलं म्हणून माणूस मारला असं होतं का?" बब्रुवान उठायला लागला. "त्याच्याशी माझं वाकडं काय होतं?"

"बसा. तंबाखू द्या जराशी."

बब्रुवानचा हात सवयीनं बंडीच्या खिशात गेला आणि तिथंच थांबला. पण पंतांनी डोळ्यानं खूण केली होती, आणि जमादार कितीही झालं तरी जमादार होता. त्यानं मनगट धरून हात बाहेर काढला. मुठीत डबी होती.

"तंबाखूच्या डबीला," पंत म्हणाले, "दोन्हीकडं दोरा ओवायच्या कड्या कशाला लागतात?"

बसवराजनं डबी घेतली. झाकणाखाली अंगठा फिरवला. तिथं एक बारीक खळगा होता. लहानपणी अण्णानं दातानं चावून पाडलेला, असं तो कन्नडात म्हणाला, कुणाला उद्देशून नाही. मग त्यानं डबी उलटी केली. तंबाखू सांडली. धोतराच्या सोग्यानं त्यानं डबी आतून पुसली, पुन्हा पुसली, आणि पुसतच राहिला.

बब्रुवान त्याच्याकडं बघू शकला नाही. त्यानंच मग सांगून टाकलं. गिरणीच्या संपात उपाशी होतो, आळंदकडं पोतं घेऊन गेलो, चार जण गेले म्हणून पाचवा गेलो. म्हातारीला आपण हात लावला नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. त्या दुपारी रेवणप्पानंच तंबाखू मागितली. डबी हातात घेतली आणि ती परत देईना. ओरडला नाही. नुसता डबीकडं बघत बसला. ते बघणं सोसलं नाही.

जमादारानं सिद्धेश्वरचा दोर सोडायला हात घातला आणि थांबला. तो आता सगळं रीतसर करायच्या मागं लागला होता. धुरपदाबाईची साक्ष ठीक, पण ती शेजारीण. कोर्टात वकील म्हणणार, नाव पंचेचाळिसातच टाकलं कशावरून? ठेवणारीनं सांगायला हवं. नाव घेऊन. जबानीत नाव नसेल तर कागदाला अर्थ नाही.

पंतांनी तेवीस वर्षं हेच सांगितलं होतं.

"आई, नको," सिद्धेश्वर म्हणाला.

कडूबाई उठली. चावडीच्या मधोमध आली. कंदील लागला होता.

"तिघं गेली," ती म्हणाली. "बोरीच्या दरडीत पुरली. लहान लेकरं जाळत न्हाईत. चौथा पोटात होता तवा म्या रोज सांजच्याला जाऊन बसायची, जनावरांनी उकरू नये म्हणून. हातात काठी. तिथंच दरडीत तिचं बीळ होतं. एक दिस चार पिल्लं भायेर आली. माझी तिघं ज्या मातीत, त्याच मातीवर तिची चार खेळत होती. मला बघून पळाली बी न्हाईत. म्या काठी खाली ठेवली. म्हणलं, बाई, तुला इथं जगवता येतंय, मला येईना. तुझं नाव दे."

तिनं लेकाकडं बघितलं.

"खोकड," ती म्हणाली. "त्येचं नाव खोकड. लढाई थांबली त्या साली लगनात पुरलं. लिवा."

जमादारानं लिहिलं.

सिद्धेश्वर सुटला. बब्रुवानला बांधून नेलं. गावानं पंतांना दूध-भाकरीचा आग्रह केला. पण कडूबाई लेकाला मिठी मारायला पुढं झाली नाही. ती घरी पळाली आणि परत आली तेव्हा हातात सूप होतं. सूप तिनं लेकाच्या पायाशी ठेवलं, त्याला त्यात उभं केलं, आणि पंतांकडं वळली.

"पंत, नाव उघडं पडलं. मरणाला वाट झाली. आता पुन्यांदा इकल्याबिगर गत न्हाय. घ्या."

"मी?" विष्णुपंत म्हणाले.

"तुमी परगावचे, बामण, सरकारी माणूस. तुमच्याकडं त्ये बघायला यायचं न्हाय."

अठ्ठावीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, दोन पाय जेमतेम मावणाऱ्या सुपात उभा होता आणि गंभीर होता. गाव गंभीर होतं. पंतांनी कोटाचे खिसे चाचपले. कोंडा नव्हता. धुरपदाबाईनं पसाभर आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कडूबाईच्या ओटीत घातला. व्यवहार झाला.

"आता नाव ठेवा. वंगाळ ठेवा. असं ठेवा की कुणी हात लावू नये."

पंतांनी विचार केला. कोल्हा, लांडगा, तरस, सगळी जनावरं डोळ्यांपुढून गेली. एकही त्यांच्या मनाला येईना. मग आपली तेवीस वर्षं आठवली.

"दफ्तर," ते म्हणाले.

"ते काय अस्तं?"

"कचेरीत असतं. लाल फडक्यात बांधून माळ्यावर टाकतात. मग पन्नास पन्नास वर्षं त्याला कुणी हात लावत नाही."

कडूबाईनं ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितलं. तिला पसंत पडलेलं दिसलं. परत कधी न्यायचा, असं पंतांनी विचारलं. वजनाच्या गुळाचा अंदाज घ्यायला ते सिद्धेश्वरकडं वरपासून खालपर्यंत बघत होते. ती म्हणाली की, आता परत घेत न्हाय. कागदोपत्री तुमचाच ऱ्हाऊ द्या. जेवायला तेवढा माझ्याकडं.

सकाळच्या यष्टीला पंत निघाले तेव्हा ती फाट्यापर्यंत आली. दोन्ही पायांत वहाणा होत्या. एक तिची, एक कुणाची तरी. गाडी दिसल्यावर तिनं मागं वळून, साऱ्या रानाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ए दफ्तरा, पंतांची पिशवी घे."

आणि तो आला.